‘उलटं करा, चिन्ह बदला’ पाठ आहे, तरी लंब रेषेचं गणित का चुकतं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी अकरावीत, सीबीएसई, विज्ञान शाखा. सरळ रेषांचा धडा चालू आहे. समांतर रेषांचे चढ सारखे असतात आणि लंब रेषांच्या चढांचा गुणाकार उणे एक येतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण गणितं चुकतात. क्लासमध्ये सरांनी ‘उलटं करा, चिन्ह बदला’ एवढं सांगितलं आणि गाडी पुढे नेली. पुण्याच्या मामेभावाचं हे सगळं दहावीतच होऊन गेलंय, म्हणून आपली लेक मागे पडली की काय, अशी धास्ती वेगळीच. घरी बसवून काय करून घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मागे पडण्याची काळजी आधी सोडा. महाराष्ट्र बोर्डात दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ येतो. सीबीएसईत दहावीला अंतराचं आणि विभाजनाचं सूत्र होतं, चढ अकरावीत येतो. फरक क्रमाचा आहे. उलट दहावीत तिने दोन चलांतल्या समीकरणांची जोडी केली आहे, आणि तिथे समांतर रेषांची अट तिला नकळत शिकवून झालेली आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता तिची वही घ्या. चुकलेली गणितं काढा, पण शेवटचं उत्तर बघू नका. एकच ओळ बघा: दिलेल्या रेषेचा चढ तिने काय लिहिलाय. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक मुलांचं गणित तिथेच घसरलेलं असतं. (वहीत इंग्रजी अक्षरं असतील, मी इथे क्ष आणि य लिहितो.) समजा ३क्ष − ४य + १५ = ० या रेषेला लंब रेषा मागितली. मुलीने चढ धरला −३/४. तो उलटा केला, चिन्ह बदललं, ४/३ आला. नियम तंतोतंत पाळला आणि उत्तर साफ चुकलं, कारण मुळात त्या रेषेचा चढ +३/४ आहे. आपण म्हणतो, ‘अगं, सूत्र पाठ कर.’ तिला सूत्र पाठच आहे, बिचारीचा त्यात दोष नाही.

तेव्हा सगळा वेळ नियमावर घालवू नका. अर्धा वेळ चढ नीट वाचण्यावर घाला. आणि नियम तिला आकृतीतून मिळू द्या, म्हणजे तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

सुरुवात इथून करा: चढ हा एक आकडा दिसत असला तरी त्याच्या मागे दोन आकड्यांची जोडी आहे. आडवं किती गेलो, आणि तेवढ्यात उभं किती गेलो. उभं भागिले आडवं, म्हणजे चढ. व्हीलचेअरच्या रॅम्पचं प्रमाण १:१२ सांगतात, म्हणजे १२ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर, चढ १/१२. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे १/३७. रॅम्पपेक्षा आगगाडीचा चढ कितीतरी सौम्य, हे या दोन अपूर्णांकांवरून कळतं. हे तिला सांगा आणि तिलाच विचारा की १/१२ मोठा की १/३७. अकरावीतली मुलंही इथे क्षणभर अडखळतात.

बडोद्यात राहणाऱ्याला अक्ष समजावायला दूर जायला नको. मांडवीला उभं राहायचं. पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. जुन्या शहराचे चार रस्ते चार दिशांना गेलेले. मांडवी हा आरंभबिंदू धरा, पाणीगेटची दिशा धन क्ष, चांपानेर दरवाज्याची दिशा धन य. रस्ते काही पट्टीने आखलेले नाहीत, पण अक्ष डोळ्यांसमोर यायला तेवढं पुरतं. मांडवीपासून पाणीगेटच्या अंगाला ४ पावलं आणि चांपानेरच्या अंगाला ३ पावलं सरकलात, तर तुमच्या वाटेचा चढ ३/४. पाणीगेटकडे जाता जाता गेंडीगेटच्या बाजूला उतरत असाल, तर चढ ऋण. चिन्हाचा अर्थ इतकाच: उजवीकडे जाताना रेषा वर चालली आहे की खाली.

हा प्रश्न तिला दर गणितात विचारायची सवय लावा, कारण वजाबाकीतली चूक त्यानेच पकडली जाते. (२, ५) आणि (६, −१) हे बिंदू दिले. चढ = (−१ − ५)/(६ − २) = −६/४ = −३/२. गोंधळ कुठे होतो? वर ‘पहिल्यातून दुसरा’ आणि खाली ‘दुसऱ्यातून पहिला’ वजा होतो, आणि +३/२ येतो. कुठल्याही बिंदूपासून सुरुवात करा, हरकत नाही. पण अंशात ज्या बिंदूपासून निघालात त्याच बिंदूपासून छेदातही निघा. आणि मग नजर टाका: क्ष २वरून ६वर गेला, म्हणजे उजवीकडे, य ५वरून −१वर आला, म्हणजे खाली. चढ ऋण यायलाच हवा. धन आला असेल तर पुढे एक ओळही लिहायची नाही.

आता समीकरणातून चढ वाचणं. खरी पडझड इथेच होते. दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, २य = ६क्ष + ५ बघून मुलगा चटकन चढ ६ म्हणतो. य एकटा झालेलाच नाही, दोघं आहेत! भागल्यावर य = ३क्ष + ५/२; चढ ३. दुसरी चूक −अ/ब या सूत्राची. अ×क्ष + ब×य + स = ० या रूपात चढ −अ/ब असतो, हे बरोबर; पण ३क्ष − ४य + १५ = ० मध्ये ब हा −४ आहे, ४ नव्हे. सूत्रातलं उणे आणि सहगुणकाचं उणे ही दोन वेगळी चिन्हं आहेत आणि घाईत त्यातलं एक गळून पडतं.

माझं मत विचाराल तर पहिला आठवडाभर −अ/ब वापरूच देऊ नका. य एका बाजूला घ्यायला लावा: ४य = ३क्ष + १५, म्हणून य = (३/४)क्ष + १५/४. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण चिन्ह हरवत नाही. आणि पडताळा म्हणून रेषेवरचे दोन सोपे बिंदू काढायला सांगा. क्ष = −५ घातलं की य = ०. क्ष = −१ घातलं की य = ३. म्हणजे (−५, ०)पासून (−१, ३)पर्यंत ४ आडवं, ३ वर. चढ ३/४. आता कोणी कितीही सूत्रं फेकली तरी तो −३/४ होणार नाही. (−१, ३) हा बिंदू लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

समांतर रेषांवर फार वेळ घालवायची गरज नाही. कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून सरकवला की समांतर रेषा मिळतात हे तिने सहावी-सातवीत केलंय. गुण्या सरकला, फिरला नाही. म्हणून आडवं आणि उभं यांचं प्रमाण तेच राहिलं. म्हणून चढ तोच. (पुढे कलाभवनात इंजिनिअरिंगला गेली तर ड्रॉइंगला हेच करायचं आहे. सयाजीरावांनी १८९०मध्ये काढलेल्या संस्थेचं नाव जुन्या बडोदेकरांच्या तोंडून अजून जात नाही, माझ्याही.)

फक्त दोन गोष्टी. एक, चढ सारखे आले म्हणजे रेषा समांतर असं लगेच लिहू नये. २क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १२ यांचे चढ सारखेच आहेत, दोन्ही −२/३; पण ती एकच रेषा आहे, दोनदा लिहिलेली. दहावीत तिने जे पाठ केलं होतं, पहिल्या दोन सहगुणकांची गुणोत्तरं समान आणि स्थिरपदांचं वेगळं असेल तर उकल नाही, ते हेच. उकल नाही म्हणजे रेषा कुठेच भेटत नाहीत, म्हणजे समांतर. तिन्ही गुणोत्तरं समान म्हणजे एकमेकींवर बसलेल्या. हा सांधा तिला दाखवा. मुलांना वाटतं दहावीचं गणित दहावीतच संपलं.

दुसरी गोष्ट सोयीची आहे. दिलेल्या रेषेला समांतर रेषा हवी असेल तर क्ष आणि य यांचे सहगुणक तसेच ठेवायचे, फक्त स्थिरपद बदलायचं. ३क्ष − ४य + १५ = ० ला समांतर आणि (२, −१)मधून जाणारी रेषा हवी? ३क्ष − ४य = क लिहा. बिंदू घाला: ६ + ४ = १०. झालं, ३क्ष − ४य = १०. चढ काढावाही लागला नाही.

आता लंब रेषा. इथे मात्र सावकाश.

एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या, तिचा कागद जाड असतो. तिच्यातून एक काटकोन त्रिकोण कापा, पाया आलेखकागदाचे ४ सेंटिमीटर आणि उभी बाजू ३ सेंटिमीटर. त्रिकोणाचं टोक आरंभबिंदूवर ठेवा, पाया क्ष-अक्षावर उजवीकडे, उभी बाजू उजव्या टोकाला वर. कर्ण (०, ०)पासून (४, ३)पर्यंत जातो. कर्णाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा. चढ ३/४. आता आरंभबिंदूवरच्या टोकावर टाचणी दाबून धरा आणि त्रिकोण घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. जो पाया ४ आडवा होता, तो आता य-अक्षावर ४ उभा आहे. जी बाजू ३ उभी होती, ती आता वरच्या टोकापासून ३ आडवी आहे, पण डावीकडे. कर्णाचं दुसरं टोक (−३, ४)वर आलं. पुन्हा रेघ मारा. चढ ४/(−३), म्हणजे −४/३. आणि दोन रेघांमधला कोन काटकोनच आहे, कारण तुम्ही तो स्वतःच्या हाताने तेवढाच फिरवलाय.

मुलीला आता बोलू नका, तिला बघू द्या. उलटं का होतं? आडवं होतं ते उभं झालं, उभं होतं ते आडवं झालं. चिन्ह का बदलतं? जे वर जात होतं ते डावीकडे वळलं. ‘उलटं करा, चिन्ह बदला’ हे दोन नियम वाटतात. ती एकाच फिरवण्याची दोन अंगं आहेत. अक्षरांत लिहायचं तर आडवं प आणि उभं फ अशी जोडी फिरून आडवं −फ आणि उभं प होते. पहिला चढ फ/प, दुसरा −प/फ. गुणाकार −१.

आणि एक गोष्ट इथूनच सुटते. कित्येक मुलं ३/४ ची लंब रेषा काढताना फक्त चिन्ह बदलून −३/४ लिहितात. ती रेषा म्हणजे पहिलीचं क्ष-अक्षातलं प्रतिबिंब, लंब नव्हे. काही फक्त उलटं करून ४/३ लिहितात; ते य = क्ष या रेषेतलं प्रतिबिंब. दोन्ही रेघा त्याच कागदावर मारायला लावा. आरंभबिंदू एकदा (४, −३)शी आणि एकदा (३, ४)शी जोडून बघितला की (४, ३)च्या मूळ रेघेशी दोघींपैकी एकीचाही काटकोन नाही हे नजरेलाच कळतं, समजावणीची गरज उरत नाही.

कापलेला त्रिकोण ही सिद्धता नाही, असं एखादी हुशार मुलगी म्हणेल, आणि म्हणावंच. पुस्तकात त्रिकोणमितीने सिद्ध केलंय: एका रेषेचा कोन दुसरीपेक्षा ९०° जास्त, आणि टॅन (९०° + अल्फा) म्हणजे उणे कॉट अल्फा. ते बरोबरच आहे. पण मला पायथागोरसची वाट जास्त आवडते. दोन्ही रेषा आरंभबिंदूतून जातात असं धरा, चढ म आणि न. क्ष = १ ला पहिल्या रेषेवरचा बिंदू (१, म) आणि दुसऱ्या रेषेवरचा (१, न). आरंभबिंदूपासून त्यांच्या अंतरांचे वर्ग १ + म² आणि १ + न². दोन बिंदू एकाखाली एक आहेत, म्हणून त्यांच्यातल्या अंतराचा वर्ग (म − न)². आरंभबिंदूशी काटकोन असेल तर १ + म² + १ + न² = म² − २मन + न². दोन्हीकडचे म² आणि न² गेले, उरलं २ = −२मन. म्हणजे मन = −१. पायथागोरसचा व्यत्यासही खरा असल्यामुळे हे उलट दिशेनेही चालतं: मन = −१ असेल तर कोन काटकोनच.

याच आकृतीत आणखी एक गंमत आहे, मामेभावाला दाखवण्यासारखी. आरंभबिंदूपासून त्या उभ्या कर्णावर लंब टाकला तर तो क्ष-अक्षावरच पडतो, (१, ०)पाशी, लांबी १. कर्णाचे दोन तुकडे होतात: वरचा म लांबीचा, खालचा न च्या केवल किमतीएवढा. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीतलं भूमितीमध्याचं प्रमेय सांगतं की लंबाचा वर्ग = दोन तुकड्यांचा गुणाकार. म्हणजे १ = म × |न|. आणि एक तुकडा अक्षाच्या वर, दुसरा खाली, म्हणून चिन्हं विरुद्ध. त्या ‘उणे एक’मधला एक हा त्या लंबाची लांबी आहे! मुलं ते आकाशातून पडल्यासारखं पाठ करतात.

आता मांडवीला परत या, कारण नियम जिथे गप्प बसतो ती जागा तिथे आहे. लहेरीपुरा ते पाणीगेट हा रस्ता क्ष-अक्ष, चढ ०. चांपानेर दरवाजा ते गेंडीगेट हा य-अक्ष. त्याचा चढ किती? त्या रस्त्यावर कितीही चाललात तरी पूर्व-पश्चिम सरकणं शून्य. छेदात शून्य येतो, म्हणून चढ ठरवता येत नाही. शून्य नव्हे, ठरवता येत नाही. हे दोन रस्ते एकमेकांना लंब आहेत की नाहीत? आहेत, मांडवीला उभ्या असलेल्या कोणालाही दिसतं. गुणाकार −१ येतो का? गुणाकार करायला दुसरा आकडाच नाही.

उत्तरपत्रिकेत मी ‘० × अनंत = −१’ असं लिहिलेलं पाहिलं आहे, तेही छान चौकटीत. असलं काही लिहायचं नाही. क्ष = ४ आणि य = −२ या रेषा आल्या की सरळ शब्दांत लिहायचं: एक य-अक्षाला समांतर, दुसरी क्ष-अक्षाला समांतर, म्हणून परस्पर लंब. गुणाकाराचा नियम तिरप्या रेषांपुरता आहे, आणि पुस्तकातही तो ‘उभ्या नसलेल्या रेषा’ अशा अटीनेच दिलेला असतो. अट वगळून सूत्राला तेवढी चौकट करतो आपण.

या अडचणीतून सुटायचा एक चांगला रस्ता म्हणजे सहगुणकांची अट. दोन रेषा अ×क्ष + ब×य + स = ० आणि क×क्ष + ख×य + ग = ० असतील, तर त्या लंब असण्याची अट अ×क + ब×ख = ०. क्ष चे सहगुणक गुणा, य चे गुणा, बेरीज शून्य. यात भागाकारच नाही, त्यामुळे उभी रेषाही निमूट बसते: क्ष = ४ साठी सहगुणक १ आणि ०, य = −२ साठी ० आणि १, बेरीज शून्य. समांतर असण्याची अटही अशीच, अ×ख = ब×क, एक रेषा दोनदा नाही एवढं तपासून. बारावीत सदिश आले की ही बेरीज पुन्हा भेटते, तेव्हा ओळख असलेली बरी.

आणि यातून लंब रेषेचीही समांतर रेषेसारखीच सोय निघते. सहगुणकांची अदलाबदल करा, एकाचं चिन्ह बदला, स्थिरपद नवीन घ्या. ३क्ष − ४य + १५ = ० ला लंब असलेली प्रत्येक रेषा ४क्ष + ३य = क या रूपाची. (२, −१)मधून जाते? ८ − ३ = ५. म्हणून ४क्ष + ३य = ५. लांबच्या रस्त्याने करून बघा: चढ −४/३, य + १ = −(४/३)(क्ष − २), ३य + ३ = −४क्ष + ८, तेच. पण हा जवळचा रस्ता तिला लांबचा पक्का झाल्यावरच दाखवा. आधी दाखवलात तर अदलाबदल कशाची आणि का, हे न कळता हात चालायला लागतो, आणि आपण पुन्हा ‘उलटं करा, चिन्ह बदला’वर येतो.

हे गणित इथेच सोडू नका. लंब रेषा मूळ रेषेला कुठे छेदते? ३क्ष − ४य = −१५ आणि ४क्ष + ३य = ५. पहिलं ३ने, दुसरं ४ने गुणून मिळवा: २५क्ष = −२५, क्ष = −१, मग य = ३. हाच तो (−१, ३). (२, −१)पासून त्याचं अंतर: ३ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज २५, म्हणून अंतर ५. आता त्याच धड्यात पुढे येणारं बिंदूपासून रेषेच्या अंतराचं सूत्र लावा: |३×२ − ४×(−१) + १५| भागिले ५, म्हणजे २५/५ = ५. जुळलं. ज्या सूत्राला मुलं वेगळं प्रकरण समजतात ते या लंब रेषेतूनच निघालंय, हे एकदा आकड्यांत बघितलं की पुढचा अर्धा धडा हलका होतो.

परीक्षेत येणारा आणखी एक साचा: (क, ६) आणि (२, −४) यांतून जाणारी रेषा २क्ष + ५य = ९ ला लंब आहे, क काढा. दिलेल्या रेषेचा चढ −२/५, लंबाचा ५/२. बिंदूंवरून चढ १०/(क − २). समान मांडा: क − २ = ४, क = ६. इथे मुलं घाईत १०/(क − २) हे −२/५ शीच समान मांडतात, म्हणजे समांतरचं गणित सोडवतात. म्हणून गणित वाचल्यावर वहीच्या कडेला ‘लंब’ किंवा ‘समांतर’ एवढा शब्द पेन्सिलीने लिहायला लावा. बाळबोध वाटेल, पण फरक पडतो. चार बिंदू देऊन ‘आयत आहे हे दाखवा’ असंही विचारतात: (१, २), (५, ४), (४, ६), (०, ४). चढ ओळीने १/२, −२, १/२, −२. समोरासमोरच्या समांतर, लगतच्या लंब. त्यात विशेष काही नाही, बिंदू क्रमाने घ्यायचे इतकंच.

एक गोष्ट मात्र हल्ली वारंवार दिसते. मुलं मोबाइलवर जिओजेब्रासारख्या ॲपमध्ये रेषा काढून पडताळतात. चांगली सवय आहे. पण बोटांनी पडदा ताणताना दोन अक्षांचं प्रमाण वेगळं झालं, तर लंब रेषा पडद्यावर लंब दिसत नाहीत, आणि मुलगी बरोबर उत्तर खोडून बसते. आलेखकागदावरही तेच: क्ष-अक्षावर १ सेंटिमीटर = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंटिमीटर = ५ एकक घेतलं, तर गुण्या लावून काटकोन येणार नाही. समांतर रेषा मात्र कोणत्याही प्रमाणात समांतरच दिसतात, कारण दोन्ही रेषा सारख्याच ताणल्या जातात. म्हणून या धड्यापुरतं दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण, आणि ॲपमध्ये अक्षांचं गुणोत्तर १:१ करून घ्यायचं.

सरावाला ढीगभर गणितं देऊ नका. समीकरण बघून फक्त चढ सांगायचा, असं रोज थोडं तोंडी करून घ्या: ५य = २क्ष − १, क्ष + य = ०, य = ७, क्ष = −३, २क्ष = ९ − ६य. उत्तरं २/५, −१, ०, ठरवता येत नाही, −१/३. शेवटचं मुद्दाम आहे. त्यात क्ष डावीकडे आणि य उजवीकडे दिलाय, आणि घाईत २ किंवा −६ असं काहीतरी उत्तर येतं.

हे सरसर यायला लागलं की तिला हा त्रिकोण द्या: शिरोबिंदू (०, ०), (४, ०), (१, ३). तिन्ही शिरोलंब काढ आणि ते एकाच बिंदूत मिळतात हे दाखव. (१, ३)मधून पायावर टाकलेला लंब उभा आहे; इथे चढाचं सूत्र लावायला गेली तर अडकेल, तिला सरळ क्ष = १ लिहायचंय. (४, ०) आणि (१, ३) जोडणाऱ्या बाजूचा चढ −१, म्हणून समोरच्या आरंभबिंदूतून जाणाऱ्या लंबाचा चढ १, रेषा य = क्ष. तिसऱ्या बाजूचा चढ ३, म्हणून (४, ०)मधून जाणाऱ्या लंबाचा चढ −१/३, रेषा क्ष + ३य = ४. पहिल्या दोघी (१, १)मध्ये भेटतात. तिसरीत तो बिंदू घालून बघायला सांगा: १ + ३ = ४.